पालवांचा पाट

"सुनबाय, कोणाक तरी सांग, नारळ सोलूचे आसत."

मामंजी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे राहून हे म्हणाले. खळ्यात आम्ही तिघंच होतो. मामंजी, मी आणि शांताकाका, म्हणजे मामंजींचे सख्खे धाकटे भाऊ. शांताकाका मामंजींपासून हातभर अंतरावर, नारळाच्या ढिगाशेजारीच बसले होते आणि त्यांच्या हातात कोयताही होता. 'कोणाक तरी' म्हणजे कोण, हे काही मला कळेना. मी गोठ्याकडे बघितलं, वाटेकडे बघितलं, आणि नवऱ्याला हाक मारायला घरात वळले, तेवढ्यात शांताकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "सुनबाय, सांग गो, सोलतंय म्हणान."

सांगायचं तरी कुणाला? मामंजी तिथंच तर उभे होते, आणि त्यांचे कान चांगले शाबूत होते. पण नव्या सुनेनं फार प्रश्न विचारू नयेत म्हणून मी वळले आणि म्हणाले, "मामंजी, काका सोलतो म्हणतायत."

"हां. बारके नारळ बाजूक काढूक सांग."

"काका, बारके बाजूला काढायचेत."

"काढतंय म्हणान सांग."

दुपारपर्यंत मी असे किती निरोप पोचवले त्याला हिशेब नाही. आंब्याच्या डहाळ्या, केळीची पानं, समईची वात, सगळं माझ्या तोंडून इकडचं तिकडं गेलं. मला आधी वाटलं, ही इथली रीतच असेल, थोरल्यानं धाकट्याशी थेट बोलायचं नसेल. म्हणून मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्याबाई, ह्या दोघांचं भांडण झालंय का?"

त्या पुरण वाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भांडण? आमच्या घरात खंय भांडणा होतत?" आणि फारच गोड हसल्या.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी शालन, माहेरची चौगुले, कागलजवळच्या एका गावातली. वैशाखात माझं लग्न कणकवलीकडच्या पालवांच्या उल्हासशी झालं आणि आम्ही नोकरीच्या गावी, मुंबईला राहायला गेलो. त्यामुळं सासरच्या घरात मी खऱ्या अर्थानं पाऊल टाकलं ते त्या चतुर्थीला. पालवांच्या दोन्ही भावांची घरं शेजारी शेजारी होती, पण गणपती एकच, थोरल्याच्या घरी. दोन्ही चुली त्या पाच दिवसांपुरत्या एक व्हायच्या.

खरी गोष्ट मला विहिरीवर कळली. शांताकाकांच्या बायकोनं, प्रेमाकाकीनं, दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि कळशी भरता भरता सांगितलं.

"माटवी म्हायती आसा मा तुका?"

माहीत झाली होती. गणपतीच्या डोक्यावर वाशांना टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली रंगीबेरंगी फळं, आंब्याच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस असं काय काय बांधतात. माझ्या आजेसासऱ्यांनी स्वतःच्या हातानं केलेली एक माटवी ह्या घरात कित्येक वर्षं होती.

"गेल्या वर्सा इसर्जन झाला," काकी म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी भावोजी उठान बघतत तर माटवी न्हाणयेच्या चुलीत जळता! आमच्या ह्यांनी घातली. कित्या घातलस म्हणान भावोजींनी इचारूक नाय, ह्यांनी सांगूक नाय. वरस झाला त्या गोष्टीक."

"एका वर्षात विचारलंच नाही?"

"नाय."

"मग भांडले तरी कधी?"

"भांडाक खंय गो? बोलणा बंद केल्यानी."

मी कळशी खाली ठेवली आणि हसत सुटले. काकीला काही कळेना. तिला कसं सांगणार, की मी ज्या घरातून आले त्या घरात वर्षभर गप्प बसून भांडता येतं हे कुणाला खरंच वाटलं नसतं.

आमच्याकडं भांडण म्हणजे गावाला ऐकू जाणारी गोष्ट. माझे वडील, म्हणजे आण्णा, आणि माझा चुलता, म्हणजे तात्या, ह्यांचं उसाच्या पाण्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात वाजायचं. तात्या आमच्या दारात उभा राहून आण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या पिढ्या त्याच्याही आहेत हे भांडणाच्या भरात कुणाच्या लक्षात यायचं नाही. शेजारच्या बाया निवडायचं धान्य घेऊन कट्ट्यावर येऊन बसायच्या. "आजपास्नं तुझं त्वांड बघणार न्हाई!" असं एकदा दोघांनी म्हटलं की भांडण संपलं, आणि दिवेलागणीला तात्या आपलं ताट घेऊन आमच्या चुलीपुढं हजर. "वहिनी, रस्सा तिखट झालाय न्हवं?" आण्णा त्याच्या ताटात मटणाच्या फोडी वाढायचे. दुसऱ्या दिवशी पाणी ज्याच्या पाळीचं त्याच्याच शेतात जायचं.

अशा घरातली मी. आणि अशा घरातले आण्णा गगनबावड्याचा घाट उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी पालवांच्या दारात आले.

येण्याचं कारण चांगलं होतं. नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो, गौरीपुढं सुपं भरून ती वडीलधाऱ्यांना द्यायची असतात, आणि ती सुपं माहेरून यावी लागतात. आण्णांनी सुपं आणली, शिवाय गुळाची एक अख्खी ढेप खांद्यावर घालून आणली. त्यांचा आवाज आधी घरात आला, मग माणूस आला. "शाले! हायस का गं घरात?" पलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. सासूबाईंच्या हातातून पळी पडली. पण सगळ्यांनी त्यांचं फार अगत्यानं केलं. पाय धुवायला गरम पाणी, खुर्ची, चहा, पानाचा डबा. आण्णा खूश झाले.

ते खूश होते ते जेवणापर्यंत. पंगतीत मामंजी आणि शांताकाका शेजारी शेजारी बसले होते, आणि मी वाढत होते.

"सुनबाय, मिठाचा भांडा हयसर देवक सांग."

भांडं शांताकाकांच्या पुढ्यात होतं. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं, मी ते मामंजींच्या पुढं ठेवलं. आण्णांचा घास हातात राहिला. त्यांनी ह्या पाव्हण्याकडं बघितलं, त्या पाव्हण्याकडं बघितलं, आणि त्यांच्या मते हळू आवाजात विचारलं, "काय ओ पाव्हणं, तुमचं दोघांचं बिनसलंय काय?"

अख्खी पंगत जेवायची थांबली. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली ती पार पानाला टेकली. मामंजी शांतपणे म्हणाले, "सुनबाय, पावण्यांक आमटी वाढ."

मी आण्णांना मागच्या दारी गाठलं आणि माटवीची सगळी गोष्ट सांगितली. "आण्णा, ह्यातलं काही बोलायचं नाही. इथं तशी पद्धत नाही."

"अगं पर सण हाय! दोन भाऊ सणाला बोलंनात, ह्ये काय बरं दिसतंय?"

"त्यांचं ते बघतील."

"वरीसभर बघत्यातच की नुसतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. ते असा हात फिरवायला लागले की मला धडकी भरायची. "तू काळजी करू नगं. घटकाभराचं काम हाय."

जेवणं झाली, सुपारी कातरून झाली, आणि आण्णांनी एका हातानं मामंजींचा आणि दुसऱ्या हातानं शांताकाकांचा दंड धरून दोघांना पडवीत समोरासमोर बसवलं. तरुणपणी ते तालमीत होते, त्यामुळं उठून जाण्याचा प्रश्न नव्हता. स्वतः ते दाराच्या उंबऱ्यावर बसले.

"हां. आता घरचंच सगळं हाईत. मनात काय असंल ते भडाभडा बोला, आन् मोकळं व्हा. इवाई, तुमी थोरलं. तुमी सुरवात करा."

मामंजी बाहेर माडाकडं बघत बसले.

"बरं, तुमी बोला, काका."

शांताकाका आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

दोघंही बोलेनात म्हटल्यावर आण्णांना वाटलं, सुरुवात कुठून करावी ते ह्यांना समजत नसावं. मग त्यांनी जे केलं ते करायला कागलचाच माणूस लागतो. त्यांनी दोघांच्या वतीनं भांडण सुरू करून दिलं.

"हे बघा, इवायांचं म्हणणं काय? की ह्यो माझा धाकटा भाऊ भारी आगाऊ हाय! बापाच्या हातची वस्तू जाळतो म्हंजे काय? लाज न्हाई का शरम न्हाई! बरोबर? आन् काकांचं म्हणणं काय? की ह्यो थोरला लई शिष्ट हाय! सोताला घरचा राजा समजतोय! इच्यारायला त्वांड उचलत न्हाई त्येचं! बरोबर?"

त्यांना वाटलं, आता एक जण उसळेल, दुसरा ओरडेल, आणि घटकाभरात दोघं गळ्यात पडतील. आमच्याकडं झालंच असतं तसं. पण त्या घरात असले शब्द कुणी मनात सुद्धा मोठ्यानं म्हटले नसतील. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला. शांताकाकांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले. आण्णांनी अडवलं नाही, त्यांना वाटलं, आता हा बोलणार.

शांताकाका बोलले, पण माझ्याशी बोलले.

"सुनबाय, सांग. पुढच्या वर्सा आमचो पाट वेगळो."

आणि ते अंगणातून आपल्या घरी निघून गेले.

पाट म्हणजे काय ते मला तोपर्यंत कळलं होतं. गणपती ज्या शाळेत घडवतात, तिथं प्रत्येक घर आपला लाकडी पाट आधीच नेऊन देतं आणि मूर्तिकार त्या पाटावरच मूर्ती करतो. एक पाट म्हणजे एक गणपती, एक घर. पाट वेगळा झाला की भाऊबंद कायमचे दोन झाले. त्या पंचक्रोशीत ते कुणी कधी पुन्हा जोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

मामंजी थोड्या वेळानं उठले, खांद्यावरचा पंचा झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. "मूर्ती आणूक जावक होया," एवढंच ते म्हणाले.

मूर्ती आणायला सगळे गेलो, कारण जायलाच हवं होतं. रिवाजाप्रमाणे शांताकाकांनीच ती डोक्यावर घेतली आणि मामंजी पुढं घंटा वाजवत चालले. मध्ये आण्णा, मूर्तीवर छत्री धरून. अपराधी चेहऱ्याचा एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "शाले," ते मला कुजबुजत म्हणाले, आणि पुढची मागची सगळी माणसं वळून बघायला लागली, "असं कसं गं झालं?"

घरी आल्यावर मला वाटलं, आता मला कुणीतरी बोलेल. बोलायलाच हवं होतं. माझ्या बापानं त्यांच्या घरात येऊन हे करून ठेवलं होतं. पण सासूबाईंनी मला, "दमलस गो, चाय घे," म्हटलं. प्रेमाकाकीनं माझ्या केसांत स्वतःच्या हातानं अबोलीचा वळेसर माळला. मामंजींनी आण्णांच्या चहात साखर पुरेशी आहे ना, हे जातीनं विचारलं. सगळ्यांच्या त्या गोडपणानं माझा जीव गुदमरायला लागला. माहेरी असते तर आईनं दोन सणसणीत शिव्या दिल्या असत्या, मी रडले असते आणि चपाती खाल्ली असती.

मी नवऱ्याला न्हाणीघरामागं ओढला. "अहो, मला कुणीतरी रागवा!"

"कशाला?" उल्हास घाबरला.

"म्हणजे संपेल तरी!"

"आमच्यात असं तोंडावर नाही बोलत कुणी."

"मग तुमच्यात रागाचं करतात तरी काय? लोणचं घालतात?"

तो विचारात पडला. त्याला हा प्रश्न आजवर कुणी केलाच नव्हता. मग म्हणाला, "गाऱ्हाणं घालतात."

"कुणाकडं?"

"देवाकडं. उद्या पूजा झाली की बाबा गणपतीपुढं उभे राहून गाऱ्हाणं घालतील. एकेक गोष्ट देवाला सांगायची, आणि बाकी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिथं काहीही सांगता येतं. देवाला सांगितलेल्यावर कुणी रागवायचं नसतं."

"मग उद्या सांगतील ना ते माटवीचं?"

"छे. बाबा आपलं ठरलेलं तेवढंच म्हणतात. पाऊसपाणी, गुरंढोरं, पोरांच्या नोकऱ्या. आणि शांताकाका तर धाकटे. धाकट्यानं गाऱ्हाणं घालायचं नसतं."

मी तिथंच उभी राहिले. आपला बाप ह्या घरात कुठं चुकला ते मला तेव्हा नीट समजलं. त्यांनी माणसाला माणसापुढं बसवलं होतं.

दिवे लागायच्या वेळी माजघरात मूर्ती ठेवलेली होती, तोंडावर रुमाल घातलेला. शांताकाका स्टुलावर उभे राहून नव्या माटवीला फळं बांधत होते. पाट वेगळा करीन म्हणाला म्हणून ह्या वर्षीचं काम टाकून जाईल असा तो माणूस नव्हता. पलीकडं पडवीत मामंजी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मधलं दार उघडंच होतं. मी मूर्तीपुढं जाऊन हात जोडून बसले आणि मोठ्यानं बोलायला लागले. त्यांची बोली मला येत नव्हती, म्हणून माझ्या बोलीत.

"देवा, मी शालन. कागलच्या चौगुल्यांची. तुझी माझी वळख नवी हाय. माझा बाप आज ह्या घरात चुकला. पर त्येला ह्येच ठावं हाय बघ, की बोललं की माणूस मोकळा हुतोय. त्येच्या मनात वंगाळ काय नव्हतं. आता फुडल्या वर्षी ह्या घराचा पाट दोन जागी गेला, तर लोक काय म्हणतील? कोल्हापूरची सून आली आन् पालवांचा गणपती फुटला. माझी पोरंबाळं झाली तरी ह्येच ऐकतील, आन् त्येंची पोरं बी. दोन भावांच्या मधी मी निरोप सांगत उभी ऱ्हाते, जलमभर ऱ्हाईन, माझी काय तक्रार न्हाई. पर दोन गणपतींच्या मधी मला उभी करू नगंस. एवढंच माझं गाऱ्हाणं हाय."

बोलता बोलता मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. स्टुलावरची खुडबुड थांबली होती. पडवीत खुर्ची करकरली. मग बाहेरून मामंजींचा आवाज आला.

"सुनबाय, तिन्हीसांज झाली. दिवो लाव गो."

मी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, आरत्या झाल्या. सगळं घर माजघरात गोळा झालं. आण्णांना मी मागं भिंतीशी उभं केलं होतं आणि बजावलं होतं, "मामंजी थांबले की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय तोंडातून एक अक्षर काढायचं नाही."

"काय म्हणणं हाय ते कळायच्या आधीच व्हय म्हणायचं?"

"होय."

मामंजींनी हातात नारळ घेतला. डोळे मिटले.

"हे बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली आसत…"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या गुराढोरांक, शेतीभातीक बरकत दी…"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैक गेलेल्या चाकरमान्यांक सुखरूप ठेव…"

"व्हय म्हाराजा!"

सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. आता नारळ ठेवायचा आणि प्रसाद वाटायचा. पण मामंजींनी नारळ ठेवला नाही. तो त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. उल्हासनं एकदम मान वर केली.

"आणि म्हाराजा… आमच्या बापाशीच्या हातची माटवी ह्या घरात होती."

"व्हय म्हाराजा," सगळे जरा दबकतच म्हणाले.

"ती माका न इचारता चुलीत गेली."

ह्याला कोण 'व्हय' म्हणणार? मग समईच्या बाजूला हात जोडून उभे असलेले शांताकाका एकटेच, खाली बघत म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"लाकूड जळला, तेचा काय नाय. आज ना उद्या ता जावचाच होता. पण म्हाराजा, एक वरस झाला, माझ्या भावान माका दादा म्हणान हाक मारूक नाय." मामंजींचा आवाज फाटला. "ती हाक खंय गेली, ता तूच सोदून काढ!"

मग मागच्या भिंतीकडून, वासे हलतील अशा आवाजात, एकट्या आण्णांचं आलं, "व्हय म्हाराजा!"

ते माझं सांगणं मनापासून पाळत होते. पण त्या आवाजानं काय झालं कोण जाणे, शांताकाका एक पाऊल पुढं आले. मामंजींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. नुसता नारळ पुढं केला. शांताकाकांनी तो घेतला.

"म्हाराजा, मी धाकटो. पण आज माझा पण आयक. इसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दादाचे गुडघे दुखा होते. तेका स्टुलार चढाक लागा नये, म्हणान तो उठायच्या आधी माटवी काढूक मी एकटोच चढलंय. ती माझ्या हातातसून सुटली. पडान तिचे तुकडे झाले, म्हाराजा. बापाशीची वस्तू माझ्या हातान मोडली. ते तुकडे दादाक कसे दाखवू? म्हणान चुलीत घातलंय. दादान एकदा, एकदाच, कित्या म्हणान इचारल्यान असता, तर मी सगळा सांगलंय असतंय. पण दादान इचारूक नाय!"

मामंजींचे डोळे अजून मिटलेले होते, आणि त्यांतून पाणी खाली येत होतं. त्यांनी मान हलवली आणि अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग मात्र बांध फुटला. नारळ अजून ठेवलेला नव्हता, म्हणजे देव अजून ऐकत होता. प्रेमाकाकी पुढं सरली. "म्हाराजा, माझो तांब्याचो हंडो जावबायन दिवाळेक न्हेल्यान, तो हाडून दिल्यान नाय!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाई म्हणाल्या, कारण ते खरंच होतं, आणि लगेच त्यांनी आपलं सुरू केलं. "म्हाराजा, माझो झील महिन्यान महिने खबर पाठवणा नाय!"

"व्हय म्हाराजा," उल्हास पुटपुटला.

"आणि म्हाराजा, सून गुणाची आसा, पण पातोळ्यांत गूळ इतको घालता, इतको घालता, की घशाखाली उतरणा नाय!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अखेर ह्या घरात मला कुणीतरी बोललं होतं! मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवायचीच बाकी होती. "व्हय म्हाराजा!" मी ओरडले.

आता आण्णांना राहवेना. मी डोळे मोठे केले, पण ते माणसांतून वाट काढत पुढं आलेच. "म्हाराजा! काल ह्या चौगुल्यानं दुसऱ्याच्या घरात जाऊन नको तितं त्वांड घातलं!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

एवढा दणदणीत, एवढा एकमुखी होकार त्या दिवशी दुसऱ्या कशालाही मिळाला नाही. सगळ्यांना तो किती मनापासून द्यायचा होता ते दिसतच होतं. आधी प्रेमाकाकीला हसू फुटलं, मग उल्हासला, मग सगळं माजघर हसायला लागलं. आण्णासुद्धा हसायला लागले. त्यांना ती रीत इतकी आवडली की पुढं कागलला तात्याबरोबर पाण्यावरून वाजलं तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यापुढं उभं राहून "हे देवा म्हाराजा" असं सुरू करून पाहिलं. तात्या मागून ओरडला, "देवाला कशाला मधी घालतुयास? हिकडं माझ्याकडं बघून बोल की!"

नारळ पुन्हा मामंजींच्या हातात आला. हसणं थांबलं. अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती काय ते सगळ्यांना माहीत होतं.

"म्हाराजा," मामंजी म्हणाले, "पुढच्या वर्सा तुझो पाट शाळेत न्हेवचो आसा. तो शांतारामान न्हेवचो. ह्या घरातसून न्हेवचो, आणि ह्याच घरात हाडचो. काय चुकला माकला आसात ता पदरात घे."

'व्हय' कुणीच म्हटलं नाही. सगळे शांताकाकांची वाट बघत होते. मग त्यांनी नुसता मामंजींच्या हातातला नारळ घेतला, वाकून देवापुढं ठेवला आणि पाटावर डोकं टेकलं.

मला खात्री वाटेना. डोकं टेकलं, पण बोलले कुठं? दुपारची पंगत बसली तरी माझं लक्ष तिकडंच. दोघं शेजारीच बसले होते. मी वालीची भाजी वाढत होते, तेवढ्यात सवयीनं मामंजी म्हणाले, "सुनबाय, कोणाक तरी सांग, मिठाचा भांडा हयसर देवक."

मी तोंड उघडलं.

"दादा," शांताकाका म्हणाले, "कोणाक?"

मामंजींचा हात पानावर थांबला. ते हळूहळू डावीकडं वळले.

"तुका रे," ते म्हणाले. "आणखी कोणाक?"

शांताकाकांनी भांडं उचलून त्यांच्या हातात दिलं. माझ्या हातात भाजीचं पातेलं तसंच राहिलं. मला पुढं सांगण्यासारखा कुठलाच निरोप उरला नव्हता.

"शाले," मागून आण्णांचा आवाज आला, "उभी काय ऱ्हायलीस? बस की आता जेवायला!"